सात सेकंदांची सूट कुठल्याच कायद्यात नाही

प्रश्न : मी काळाचौकीला राहतो आणि नोकरी सांभाळून मुंबईविषयीचं एक मराठी यूट्यूब चॅनल चालवतो. गेल्या आठवड्यात एकदम तीन गोष्टी झाल्या. हिंदमाताला पाणी का तुंबतं, यावरच्या माझ्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओत एका वृत्तवाहिनीची चाळीस सेकंदांची क्लिप होती. वाहिनीच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेला आणि चॅनलला पहिला स्ट्राइक बसला. दुसऱ्या व्हिडिओत मी एका मुलाचा मरीन ड्राइव्हचा चौदा सेकंदांचा ड्रोन शॉट वापरला होता, खाली त्याचं नावही दिलं होतं. तो आता इन्स्टाग्रामवर पैसे मागतोय, नाहीतर मीही स्ट्राइक देतो म्हणतो. तिसरा व्हिडिओ विसर्जन मिरवणुकीचा. तो सगळा मीच शूट केलाय, तरी म्युझिक कंपनीचा क्लेम आला. मित्र म्हणतात, सात सेकंदांपर्यंत चालतं, क्लिप आरशासारखी फिरवली की पकडली जात नाही, डिस्क्रिप्शनमध्ये 'फेअर यूज' लिहिलं की झालं. स्ट्राइकवाला व्हिडिओ डिलीट करून टाकू का? आणि माझेच व्हिडिओ उचलून फेसबुकवर टाकणाऱ्यांचं काय करायचं?
— नि. सा., काळाचौकी

उत्तर : डिलीट करू नका. काढलेला व्हिडिओ डिलीट केला तरी स्ट्राइक जागेवरच राहतो. शिवाय पुढे दाद मागायची वेळ आली तर तुमच्याच हातातली वस्तू गेलेली असते. एडिटिंगची मूळ प्रोजेक्ट फाइल, वापरलेली क्लिप आणि स्क्रिप्ट एका फोल्डरमध्ये ठेवा. यूट्यूबकडून आलेली ईमेलही त्यातच जपा.

स्ट्राइक आणि क्लेम या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मा गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो. मिरवणुकीच्या व्हिडिओवर आलाय तो कंटेंट आयडी क्लेम. कंटेंट आयडी या यूट्यूबच्या आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेनं गाणं ओळखलं आणि मालकानं आधी ठरवून ठेवल्याप्रमाणे व्हिडिओ अडवला, त्याच्या जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवले किंवा नुसती नोंद ठेवली. यानं चॅनलला डाग लागत नाही. हिंदमाताच्या व्हिडिओवर आलाय तो स्ट्राइक. तिथे वाहिनीनं हा व्हिडिओ काढा अशी रीतसर कायदेशीर मागणी केली आहे. पहिला स्ट्राइक नव्वद दिवसांत उतरतो, पण त्यासाठी 'कॉपीराइट स्कूल' हा यूट्यूबचा छोटा ऑनलाइन धडा पूर्ण करावा लागतो. तो आजच करा. नव्वद दिवसांच्या आत तीन स्ट्राइक साठले तर चॅनल बंद होऊ शकतं, आणि मग ज्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही ते व्हिडिओही जातात. म्हणून ड्रोनवाल्या मुलाचं प्रकरण छोटं समजू नका. तो दुसरा स्ट्राइक ठरू शकतो.

आता मुख्य प्रश्न. ते चाळीस सेकंद तुम्ही कसे वापरले हे पत्रात नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

भारताचा कायदा म्हणजे १९५७ चा प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम. त्याच्या कलम ५२ मध्ये परवानगीशिवाय वापरायच्या मुभा दिल्या आहेत. त्यांतल्या पहिल्याच मुभेला 'फेअर डीलिंग', म्हणजे उचित वापर म्हणतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती व्हिडिओ आणि ध्वनिमुद्रणालाही लागू आहे. तिचे हेतू तीनच : खासगी किंवा वैयक्तिक उपयोग, ज्यात संशोधनही येतं, टीका किंवा समीक्षा, मग ती त्याच कृतीची असो वा दुसऱ्या एखाद्या कृतीची, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. अमेरिकेच्या कायद्यातला 'फेअर यूज' मोकळा आहे. तिथे हेतू उदाहरणादाखल दिलेत आणि न्यायालय चार कसोट्या लावून ठरवतं. आपल्याकडे यादी बंद आहे. 'शैक्षणिक माहितीसाठी' असं लिहिलं म्हणून काही सुटत नाही. शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे, पण ती शिकवण्याच्या ओघातल्या वापरासाठी. जगाला खुल्या असलेल्या, जाहिराती चालणाऱ्या चॅनलनं तिच्यावर भिस्त ठेवू नये.

या तीन हेतूंपैकी तुमचा कुठला? समजा, क्लिपमध्ये गुडघाभर पाण्यातून चालणारी माणसं दिसतायत आणि त्यावर तुमचा आवाज सांगतोय की इंग्रजांच्या काळातली पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधली होती, या वाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती ५० पर्यंत न्यायचं ठरलं, हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे आणि मोठी भरती असली की समुद्र पाणी घेत नाही. माहिती उत्तम आहे. पण त्या क्लिपबद्दल तुम्ही एक अक्षरही बोललेला नाहीत. ती पडदा भरून काढायला आली आहे. वाहिनीच्या कॅमेरामननं पावसात उभं राहून टिपलेलं दृश्य, ज्याचे वाहिनी इतरांकडून पैसे घेते, ते तुम्ही फुकट घेतलंत. ही समीक्षा नाही. जुन्या पावसाचं दृश्य असेल तर चालू घडामोडीही नाही. असं असेल तर स्ट्राइक योग्य आहे आणि तुम्ही भांडू नये.

आता दुसरी शक्यता. वाहिनी त्या बातमीत म्हणते की केवळ नालेसफाई झाली नाही म्हणून पाणी तुंबलं. तुम्ही क्लिप थांबवता आणि प्रमोद महाजन पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली बांधलेल्या भूमिगत टाक्यांकडे वळता. त्या कशासाठी बांधल्या, त्या दिवशी भरती किती होती, हे सांगून वाहिनीचं विधान अर्धवट आहे हे दाखवता. पुन्हा क्लिप, पुन्हा तुमचं म्हणणं. इथे क्लिप काढली तर तुमचा मुद्दाच उभा राहत नाही. ही टीका आहे आणि चाळीस सेकंदांनाही चांगला बचाव आहे.

फरक ओळखायचा सोपा मार्ग असा : व्हिडिओतून ती क्लिप काढून तिच्या जागी काळा पडदा ठेवा आणि तुमचा आवाज ऐका. बोलणं जसंच्या तसं समजलं तर क्लिप सजावटीची होती. 'हे बघा', 'इथे ते जे म्हणतायत' असं म्हणत बोलणं अधांतरी राहिलं तर क्लिप हा विषय होता. प्रत्येक उसन्या क्लिपवर अपलोडच्या आधी ही परीक्षा करा, पाच मिनिटं लागतात.

सात सेकंदांची, दहा सेकंदांची, तीस सेकंदांची सूट भारताच्या कायद्यात नाही, अमेरिकेच्याही नाही. न्यायालयं मोजतात ते वेगळंच. केरळ उच्च न्यायालयानं १९९६ साली एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी बघितल्या : टीकेच्या मानानं किती आणि किती मोलाचा भाग घेतला, कशासाठी घेतला, आणि दोन्ही कृती एकमेकींच्या बाजारात उतरण्याची शक्यता किती. न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयानं २०१७ साली एका रिॲक्शन व्हिडिओला फेअर यूज म्हटलं, आणि त्यात मूळच्या ५ मिनिटं २४ सेकंदांपैकी ३ मिनिटं १५ सेकंद वापरलेली होती. कारण दर थोड्या सेकंदांनी क्लिप थांबवून तिची चिरफाड केलेली होती. त्याच निकालात न्यायाधीशांनी हेही बजावलं की काही रिॲक्शन व्हिडिओ म्हणजे भाष्याशिवाय सगळ्यांनी मिळून मूळ व्हिडिओ बघण्यासारखेच असतात, आणि हा निकाल सरसकट सगळ्यांना लागू समजू नये. उलट बाजूनं, सामन्याचा निर्णायक षटकार दाखवणारे चारच सेकंद उचलले तरी ते त्या व्हिडिओचं काळीज असू शकतं. फार क्षुल्लक वापराकडे कायदा दुर्लक्ष करतो, दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं २०१२ मध्ये गाण्यांतल्या मोजक्या शब्दांच्या वापराबद्दल तसं म्हटलंय, पण तेही प्रकरण बघून. मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये, परवाना संपल्यावरही चित्रपटांचे तुकडे वापरत राहिलेल्या एका वृत्तवाहिनीचा फेअर यूजचा बचाव अंतरिम टप्प्यावर मानला नव्हता. वाहिन्यांनाही ही सूट आपोआप मिळत नाही, हे ध्यानात असू द्या.

क्लिप आरशासारखी फिरवणं, वेग पाच टक्के वाढवणं, भोवती चौकट टाकणं, आवाजाची पट्टी बदलणं या युक्त्यांनी यंत्राला चकवता येईलही, पण हक्क मिळत नाही. उलट वाद झाला की हाच पुरावा तुमच्यावर उलटतो, कारण जो माणूस क्लिप फिरवतो त्याला ती आपली नाही हे ठाऊक असतं. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेला भंग हा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तो दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे. तुमच्यासारख्या प्रकरणात लगेच कुणी तिथवर जाईल असं नाही, पण 'जाणूनबुजून' हा शब्द स्वतःच्या हातानं कमवू नका. डिस्क्रिप्शनमधल्या 'फेअर यूज' या घोषणेला कायद्यात काही वजन नाही.

नाव देण्याचं काय? नाव द्यायलाच हवं. कलम ५७ निर्मात्याला आपल्या कृतीवर आपलं नाव असण्याचा आणि तिची बदनामीकारक मोडतोड थांबवण्याचा हक्क देतं. पण नाव देणं आणि परवानगी घेणं ही दोन वेगळी कर्जं आहेत, एक फेडल्यानं दुसरं फिटत नाही. तुमचा ड्रोन शॉट इथेच अडकतो. मरीन ड्राइव्हचं सौंदर्य दाखवायला तुम्ही दुसऱ्यानं टिपलेलं सौंदर्य घेतलंत. त्यावर टीका नाही, बातमी नाही. इथे तुमची बाजू नाही, आणि त्या मुलाचा राग रास्त आहे. त्यानं ड्रोन घेतला, उडवण्याचे नियम पाळले, पहाटे उठून तो शॉट घेतला. तेव्हा उद्यापर्यंत वाट न बघता यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये जाऊन ती चौदा सेकंदं 'ट्रिम' करा. लिंक, व्ह्यूज आणि कमेंट्स तशाच राहतात. बदल जतन व्हायला काही तास लागतात. व्हिडिओला एक लाखाहून जास्त व्ह्यूज असतील आणि चॅनल जाहिरातींचे पैसे मिळणाऱ्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसेल तर हे बटण चालत नाही. मग व्हिडिओ प्रायव्हेट करा. नंतर त्याला सरळ मेसेज करा : चूक झाली, शॉट काढला आहे, हा नवा स्क्रीनशॉट, तुमची वाजवी फी सांगा. ठरलेली रक्कम ईमेलवर 'या वापराबद्दलचा दावा पूर्ण मिटला' असं लिहून घेतल्यावरच पाठवा. इन्स्टाग्रामवरच्या अकाउंटचा मालक आणि शॉटचा मालक एकच आहे ना, हे मूळ फाइल मागून आधी पडताळा. दुसऱ्याचं फुटेज स्वतःच्या पेजवर टाकून त्याच्या नावानं पैसे मागणारेही असतात.

पुढच्या वेळी परवानगी आधी मागा, आणि ती लेखीच हवी. कलम ३० ला लेखी परवाना लागतो. ईमेल चालतं, कारण माहिती तंत्रज्ञान कायदा इलेक्ट्रॉनिक मजकुराला लेखी मानतो. 'हो भावा, वापर' एवढ्यावर विसंबू नका. परवान्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. तुमचा व्हिडिओ दुबईत आणि न्यू जर्सीतही बघितला जातो, शिवाय सहाव्या वर्षीही यूट्यूबवर असतो. तेव्हा मजकूर साधारण असा ठेवा :

"नमस्कार. तुमच्या अमुक व्हिडिओतला (लिंक) ०२:१० ते ०२:२४ हा भाग मला माझ्या अमुक विषयावरच्या व्हिडिओत वापरायचा आहे. वापर यूट्यूब, शॉर्ट्स, इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर, जगभर, प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी असेल. व्हिडिओवर जाहिराती चालतील. मी भाग कापून आणि वर मजकूर टाकून वापरेन. हे फुटेज तुम्ही स्वतः चित्रित केलं आहे आणि त्याचे हक्क तुमच्याकडेच आहेत, हे कृपया कळवावं. पडद्यावर तुमचं नाव कसं द्यायचं आणि फी किती, हेही सांगावं."

त्याच्या शॉटखाली गाणं असेल तर आवाज बंद करून घ्या. ड्रोनवाला आपलं दृश्य देऊ शकतो, संगीतकाराचं गाणं देऊ शकत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पावसाच्या क्लिपांचंही असंच. शंभर ग्रुपमध्ये फिरली म्हणून ती बेवारस होत नाही. मिलन सबवेतली क्लिप ज्यानं काढली त्याची आहे, आणि तो सापडत नसेल तर ती न वापरणं बरं.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे मालकानं आधीच खुल्या परवान्याखाली दिलेल्या क्लिपांचा मार्ग चांगला आहे. यूट्यूबच्या शोधात तशी चाळणी असते, आणि तिथला परवाना नाव देऊन व्यावसायिक वापरालाही मुभा देतो. दोन खबरदाऱ्या घ्या. ज्या दिवशी क्लिप घेतली त्या दिवसाचा, परवाना दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, कारण पुढे मालक ते लेबल बदलू शकतो. आणि अपलोड करणारा खरा मालक वाटतो का ते बघा. पाच वेगवेगळ्या वाहिन्यांचे लोगो असलेला व्हिडिओ कुणी क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकला असेल, तर जे स्वतःचं नाही तेच त्यानं वाटलंय. सरकारी म्हणजे फुकट, असंही नाही. सरकारी कृतींनाही साठ वर्षांचा प्रताधिकार असतो, मात्र अनेक संकेतस्थळांच्या तळाशी कॉपीराइट पॉलिसी असते आणि तिच्यात स्रोत सांगून वापरायची परवानगी दिलेली असते. ती वाचा. जुन्या चित्रपटांचा हिशेबही साठ वर्षांचा : १९६० साली प्रदर्शित झालेल्या बोलपटाचा प्रताधिकार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, पण त्यातल्या गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. २६ जुलै २००५ च्या पुराचं, त्याच वर्षी दाखवलेलं फुटेज २०६५ संपेपर्यंत मालकाचंच आहे. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ही वस्तुस्थिती मात्र कुणाचीच नाही, ती तुम्ही आकडा, नकाशा, स्वतः काढलेली आकृती अशी हवी तशी मांडा.

हिंदमाताचा व्हिडिओ पुन्हा बांधायचा झाला तर माझं मत असं : सजावटीचं सगळं फुटेज स्वतः काढा. काळाचौकीहून हिंदमाता हाकेच्या अंतरावर आहे. उड्डाणपुलावरून खालचा खोलगट भाग दाखवणारा एक शॉट, पर्जन्यजलवाहिनीच्या झाकणांचे चार जवळचे शॉट, टाकीच्या जागेचा एक, आणि कोरड्या दिवशी त्याच कोपऱ्यावर कमरेशी हात धरून दाखवलेली पाण्याची उंची, यांवर अकरा मिनिटं आरामात निघतात. वाहिनीची क्लिप फक्त तिच्या विधानाबद्दल बोलायचं असेल तिथेच ठेवा. तिचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा तुमचा मुद्दा कळण्यापुरता, साधारण चार ते आठ सेकंद. प्रत्येकानंतर पडदा तुमच्याकडे यावा आणि तुम्ही त्या तुकड्याबद्दलच बोलावं. पडद्याच्या कोपऱ्यात वाहिनीचं नाव आणि प्रक्षेपणाची तारीख टाका. तिचा लोगो कापू किंवा झाकू नका. क्लिपमधलं पार्श्वसंगीत नको असेल तर आवाज बंद करून विधान स्वतः वाचा. सुरुवातीच्या पंधरा सेकंदांत आणि थंबनेलमध्ये दुसऱ्याचं दृश्य वापरू नका, कारण तिथे ते टीकेसाठी नसून प्रेक्षक ओढण्यासाठी असतं आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

याबरोबर एक साधी वही किंवा शीट ठेवा. प्रत्येक उसन्या तुकड्यासाठी एक ओळ : तुमच्या व्हिडिओतली वेळ, मूळ लिंक, मालक, किती सेकंद, का घेतला, आणि आधार कुठला, म्हणजे परवानगी, क्रिएटिव्ह कॉमन्स की कलम ५२. 'का घेतला' हा रकाना एका वाक्यात भरता येत नसेल तर तो तुकडा काढा. उद्या मॉनेटायझेशनच्या तपासणीत 'रियूज्ड कंटेंट' म्हणून अडवलं तरी हीच शीट कामाला येते. ती तपासणी कॉपीराइटहून वेगळी आहे हे मात्र लक्षात असू द्या : सगळ्या परवानग्या असूनही व्हिडिओत तुमची भर दिसली नाही तर यूट्यूब जाहिराती नाकारू शकतं.

स्ट्राइकबाबत तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. क्लिप सजावटीची असेल तर कॉपीराइट स्कूल करून नव्वद दिवस थांबा, किंवा वाहिनीच्या तक्रार विभागाला नम्र ईमेल पाठवून तक्रार मागे घेण्याची विनंती करा. व्हिडिओची लिंक, तुम्ही काय बदलणार आहात आणि पुन्हा असं होणार नाही, एवढंच लिहा. काही वेळा ते ऐकतात. क्लिप खरोखर टीकेसाठी असेल तर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं रीतसर उत्तर द्या. पण ते डोळे उघडे ठेवून. त्यात तुमचं पूर्ण कायदेशीर नाव आणि पत्ता लागतो, तो तक्रारदाराला दिला जातो, आणि ही पद्धत अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यावर बेतलेली असल्यानं तिथल्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राला तुम्ही संमती देता. तक्रारदारानं दहा कामकाजाच्या दिवसांत दावा दाखल केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. वाहिनी भारतातली असल्यानं ती इथेच, भारतीय कायद्याखाली दावा करू शकते, आणि कलम ६२ तिला स्वतःच्या गावातल्या न्यायालयात जायची मुभा देतं. म्हणूनच अमेरिकेच्या मोकळ्या फेअर यूजच्या भरवशावर काउंटर देऊ नका, कलम ५२ च्या बंद यादीत बसतंय का तेच तपासा. पाठवण्यापूर्वी बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्या वकिलाला मजकूर एकदा दाखवा. तो एक तासाचा खर्च इथे योग्य आहे.

नुसती क्लिप काढून भागणार नाही, मोठी रक्कम भरा, असं पत्र कुणी पाठवलं तर घाबरून त्याच दिवशी भरू नका, आणि गप्पही बसू नका. पत्रातले व्हिडिओ, सेकंद आणि मालकीचा पुरावा मागा. उगाचच्या धमक्यांविरुद्ध न्यायालयात जाण्याची तरतूद कलम ६० मध्ये आहे.

मिरवणुकीच्या व्हिडिओकडे येऊ. चित्रण तुमचं आहे, पण ट्रकवरच्या स्पीकरमधलं गाणं तुमचं नाही. धार्मिक सोहळ्यात गाणं वाजवायला कलम ५२ मध्ये सूट आहे, ती त्या सोहळ्यापुरती. रस्त्यावरून ते गाणं तुमच्या चॅनलवर आलं की सूट मागे राहते. स्टुडिओत क्लेमवर क्लिक केलंत की तीन पर्याय दिसतील : तो भाग कापणं, गाणं बदलणं, किंवा आवाज बंद करणं. 'इरेज साँग' हा पर्याय आधी वापरून बघा. तो गाणं पुसतो आणि माणसांचे आवाज ठेवायचा प्रयत्न करतो, पण स्पीकर जवळ असेल तर जयघोषही फाटल्यासारखा येतो. तसं झालं तर क्लेम मान्य करा. मालकानं व्हिडिओ अडवलेला नसेल तर तो राहतो, जाहिरातींचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात. वाद घालायचा तो क्लेम चुकीचा असेल तरच, म्हणजे यंत्रानं थेट वाजणाऱ्या ढोल-ताशाला एखादं रेकॉर्डिंग समजलं असेल तर. तेव्हा क्लेम आल्यापासून पाच दिवसांत डिस्प्यूट करा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न बाजूला राखलं जातं. दावेदाराला उत्तरासाठी तीस दिवस असतात. त्यानं नाकारलं तर अपील, तिथे त्याला सात दिवस. पण तो कुठल्याही टप्प्यावर व्हिडिओ काढायची मागणी करू शकतो आणि मग स्ट्राइक बसतो, तेव्हा खात्री नसताना डिस्प्यूटचं बटण दाबू नका. पुढच्या वर्षी गल्लीतली आरती, रांगोळी, ढोलपथकाचा सराव असा आवाज पथकाला विचारून वेगळा रेकॉर्ड करा, आणि ट्रकच्या दृश्यांखाली तो लावा.

तुमचे व्हिडिओ फेसबुकवर उचलणाऱ्यांविरुद्ध तुमचे हक्क वाहिनीइतकेच आहेत. त्यासाठी नोंदणी लागत नाही, चित्रण झालं त्या क्षणी प्रताधिकार जन्मतो. भारतीय नियमांत, २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार, लेखी तक्रार आल्यावर छत्तीस तासांत मजकूर रोखायची तरतूद आहे, पण तीत एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी द्यावी लागते. त्यापेक्षा फेसबुकचा स्वतःचा कॉपीराइट फॉर्म भरणं सोपं पडतं. तो फक्त मालकानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानंच भरायचा असतो, आणि ज्या व्हिडिओत तुम्ही स्वतः दुसऱ्याचं फुटेज वापरलंय त्यातल्या फक्त तुमच्या भागापुरता. तक्रार करण्याआधी त्या पोस्टची पूर्ण लिंक, पेजचं नाव, तारीख, व्ह्यूजचा आकडा दिसेल असे स्क्रीनशॉट आणि मिनिटभराचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. तक्रारीचा सुगावा लागला की पोस्ट गायब होते, आणि मग दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.